नाकात पंचेचाळीस सेंट

नानांच्या मते बाजारातल्या प्रत्येक वस्तूला तीन किमती असतात. पहिली छापील, ती भोळे लोक देतात. दुसरी सवलतीची, ती दुकानदार नाइलाजाने मान्य करतो. आणि तिसरी म्हणजे त्या वस्तूची खरी लायकी. ही तिसरी किंमत नानांनी वस्तू घरी नेऊन, उघडून, तासून, अर्धी फेकून, पुन्हा जोडल्यावरच ठरते. पहिल्या आणि दुसऱ्या किमतीतला फरक हा नानांचा नफा. दुसऱ्या आणि तिसऱ्या किमतीच्या दरम्यान जो पैसा आणि जेवढं आयुष्य जातं त्याला नाना खर्च म्हणत नाहीत, सुधारणा म्हणतात.

अशी माणसं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हवी तितकी भेटतात. गंजका पान्हा हातात फिरवत ‘याला जरा रॉकेल लावलं की झालं’ असं स्वतःशीच पुटपुटणारे ते हेच. नानांची घडण तिथलीच. पुढे ते अमेरिकेत आले, मोटारीचे सुटे भाग यंत्रावर थरथरवून ते नेमके कधी मोडतात हे पाहण्याचं काम त्यांनी जन्मभर पगार घेऊन केलं आणि आता निवृत्त होऊन ओहायोत, डेटन शहराजवळ राहतात. जुना बाजार मागे राहिला, नजर बरोबर आली. त्यांच्या घरातला कुकर सवलतीतला आहे आणि त्याची मूठ नानांनी बदललेली आहे. सोफाही सवलतीतला. त्याचा एक पाय नानांनी अर्धा इंच कापला, मग उरलेले तीन त्याच्या मापाने कापले, मग पहिला पुन्हा थोडा. आता त्या सोफ्यावर बसलेला पाहुणा निघायची वेळ झाली की दोन्ही हात पुढे करतो आणि काकू त्याला ओढून काढतात.

पण कुकर आणि सोफा हा नुसता रियाज. नानांचं खरं गाणं म्हणजे कंट्रोल लाइनची मॉडेल विमानं.

ज्यांनी ही कधी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे नाना सांगतात तसं सांगतो. मैदानाच्या मध्यभागी माणूस उभा. त्याच्या हातात एक मूठ, तिचं नाव हँडल. हँडलपासून साठ फूट लांबीच्या, शिवायच्या दोऱ्याइतक्या बारीक दोन पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाशी जातात. पंखाच्या पोटात बेलक्रँक नावाचा एक त्रिकोणी तुकडा खिळीवर फिरतो. तारा त्याला ओढतात, तो एका सळईला ढकलतो आणि सळई शेपटीचा एलिव्हेटर वरखाली करते. मनगट वर कलवलं की विमान वर, खाली कलवलं की खाली. रेडिओ नाही, बॅटरी नाही. डावीकडे की उजवीकडे हा प्रश्नच निकालात निघालेला, कारण विमान तुमच्याभोवती डाव्या अंगाने गोल फिरत राहणार आणि त्याच्याबरोबर तुम्हीही जागच्या जागी गोल फिरत राहणार. काकूंना हा प्रकार लग्नानंतर लगेच समजला होता. “मध्ये उभं राहायचं आणि बाकीच्यांना आपल्याभोवती फिरवायचं,” त्या म्हणतात, “त्याला विमान कशाला हवं?”

नानांना हा नाद पुण्यात, एनसीसीच्या एअर विंगमध्ये लागला. तिथे एअरोमॉडेलिंग शिकवत. तेव्हाची इंजिनं डिझेल म्हणायची, पण पंपावरचं डिझेल त्यांना चालत नसे. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण लागे आणि डोक्यावरचा स्क्रू पिळून दाब कमीजास्त करत पंखा बोटाने फटकवावा लागे. इंजिन बहुधा बोट तिथेच असताना सुरू होई. नानांच्या उजव्या तर्जनीवर त्या काळातली एक आडवी खूण आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नवीन माणूस भेटला की ओळख होता होता ते बोट पुढे येतं. अमेरिकेत ग्लो इंजिनं आली, इंधनात मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन आलं, एरंडेल मात्र राहिलं. नानांच्या जुन्या इंजिनाला तर चांगलं पंचवीस टक्के लागतं. ज्या तेलाचा चमचा पाहून लहानपणी ते माळ्यावर लपत, ते आता गॅलनाने विकत आणतात आणि उडवून घरी आले की शर्टाच्या बाहीचा वास घेऊन प्रसन्न होतात. काकू तो शर्ट वेगळा धुतात.

या खेळाचा इतिहासही नानांना तोंडपाठ आहे आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या गॅरेजमधून सुटका नाही. पोर्टलंडच्या जिम वॉकरने १९४० च्या सुमारास ‘फायरबॉल’ विमान विकायला काढलं, तारांच्या युक्तीचं पेटंट घेतलं आणि देशभर गल्लीबोळांत पोरं गोल फिरू लागली. हा वॉकर प्रात्यक्षिकात एकाच वेळी तीन विमानं उडवी. दोन दोन्ही हातांत आणि तिसरं डोक्यावर बसवलेल्या हँडलने. हे सांगताना नाना स्वतःच्या टकलावर हात फिरवतात आणि काकू स्वयंपाकघरातून “अजिबात नाही” म्हणतात. पुढे लेरॉय कॉक्स या दुसऱ्या मॉडेलवाल्याबरोबरच्या खटल्यात १९५५ साली वॉकरचं पेटंट गेलं, कारण ऑरेगनच्याच ओबा सेंट क्लेअरने त्याच्या आधीच अशी रचना करून विमान उडवलं होतं. नानांना यात कोर्टाच्या न्यायबुद्धीपेक्षा वेगळंच काही दिसतं. “म्हणजे बघ, वॉकरनेही सुधारणाच केली होती!”

मात्र नानांचे खरे गुरू राईट बंधू. डेटनला राहण्याचा हा फायदा. गावाबाहेरच्या हफमन प्रेअरीच्या कुरणावर १९०४ आणि १९०५ साली राईट बंधू सराव करत असत. किटी हॉकच्या कौतुकात लोक हे कुरण विसरतात याचं नानांना वैषम्य वाटतं. किटी हॉकला विमान सरळ गेलं, त्यात काय मोठंसं, असं त्यांचं मत. वळायला शिकलं ते इथे. २० सप्टेंबर १९०४ ला विल्बरने पहिल्यांदा हवेत पूर्ण वर्तुळ काढलं आणि ५ ऑक्टोबर १९०५ ला तो याच कुरणावर गोल गोल फिरत एकोणचाळीस मिनिटांत चोवीस मैल उडाला. “गोल गोल!” नाना पुन्हा सांगतात. पण त्यांचा सगळ्यात आवडता तपशील निराळाच आहे. १९०४ चं विमान हवेत वरखाली उड्या मारी, स्थिर राहीना. तेव्हा या दोघा भावांनी त्याच्या पुढच्या टोकाला सुमारे सत्तर पौंड वजनाच्या लोखंडी कांबी बांधल्या. पहिलं विमान हवेत जाऊन पुरतं वर्षही झालेलं नाही, एकेक पौंड वाचवताना जीव मेटाकुटीला आलेला, आणि यांनी आपण होऊन सत्तर पौंड लोखंड चढवलं! हे बोलताना नानांचा आवाज दाटतो. तोलासाठी वजन वाढवण्याची परवानगी त्यांना थेट विल्बर राईटकडून मिळालेली आहे.

तर एका हिवाळ्यात नानांच्या ओळखीचं एक हॉबीचं दुकान बंद होत होतं. मागच्या फळीवर एक खोका होता. बेचाळीस इंच पंखाचं, चपट्या धडाचं विमान. चपट्या धडाला तिकडे प्रोफाइल म्हणतात. फळीतूनच आकार कापलेला, इंजिन एका बाजूला आडवं लावायचं. १९५० च्या सुमारास मॅट कानियाने आखलेलं रिंगमास्टर हे या जातीतलं दैवत. त्यावर अमेरिकेची एक अख्खी पिढी शिकली आणि आपटली. नानांना मिळालेला खोका दुसऱ्या एका कंपनीचा, जिचं नाव मी सांगत नाही. छापील किंमत साठ डॉलर. सत्तर टक्के सूट. नानांनी अठरा डॉलर मोजले आणि घरी येऊन डायरीत लिहिलं: ‘बचत ४२.’

त्या बेचाळीस डॉलरांची कहाणी खरं तर स्वतंत्र सांगायला हवी. खोका उघडल्यावर नानांनी पहिल्याच दिवशी बाल्साच्या फळ्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवल्या. काट्यावर पोह्यांचा चुरा होता, तोही आधी तोलला गेला. बाल्सा इक्वाडोरहून येतो आणि झाडागणिक त्याचं वजन बदलतं. घनफुटाला सहा पौंडांचा हलका लुसलुशीत तुकडा मिळतो तसा सोळा पौंडांचा ठोकळाही मिळतो. खोक्यातला माल ठोकळ्याच्या घराण्यातला निघाला. शिवाय भाग कापायची डाय बोथट असावी. पंखाच्या फासळ्या कापण्याऐवजी चेंगरलेल्या होत्या. नानांनी एक फासळी उजेडात धरली, टिचकी मारली, कानाशी नेली आणि समाधानाने म्हणाले, “भयंकर आहे!” मूल जन्माला आल्याची बातमी सांगणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

मग नवं लाकूड आलं. फासळ्यांना आडव्या ठिपक्यांचा ताठ सी-ग्रेन, पंखाच्या पुढच्या कडेला वळणारा मऊ ए-ग्रेन. किंमत छत्तीस डॉलर. नाना म्हणाले, “बेचाळीस वाचलेच होते.” मग खोक्यातला दोन इंची बेलक्रँक गेला आणि तीन इंची आला, कारण मोठ्या बेलक्रँकने हालचाल मऊ होते. नऊ डॉलर, बेचाळिसातून. इंजिनाखाली मेपलच्या पट्ट्या आणि प्लायवूडचे दोन्हीकडून अस्तर, कारण चपटं धड थरथरलं की टाकीतल्या इंधनाला फेस येतो आणि इंजिन खोकतं. थरथरीचे तर नाना पगारी तज्ज्ञ. चौदा डॉलर, बेचाळिसातूनच. तारा पंखातून जिथे बाहेर पडतात ती जागा मागेपुढे सरकवता येईल अशी खिडकी. नवी टाकी. नवी चाकं, मग ती जड वाटली म्हणून अजून नवी चाकं. दर वेळी ते बेचाळीस डॉलर पुढे येत, पैसे चुकवत आणि मागे जाऊन पूर्ववत बेचाळीस होऊन बसत. द्रौपदीच्या थाळीला निदान ती जेवेपर्यंतची तरी मुदत होती.

मी एकदा धीर करून म्हटलं, “नाना, या पैशात एखादं नवंकोरं, लेझरने कापलेलं किट आलं असतं.”

“आलं असतं की,” ते म्हणाले. “पण त्यात करायचं काय?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. बिनचूक वस्तूत अशा माणसाला जागाच नसते. छापील किमतीत घेतलेली वस्तू दुसऱ्याची राहते, तिला हात लावताना भीती वाटते. सवलतीत घेतलेली वस्तू आधीच थोडी पडलेली, थोडी अपमानित असते. तिच्यावर उपकार करता येतात. सूट जितकी जास्त तितका करवतीचा अधिकार मोठा.

काढून टाकलेला प्रत्येक भाग नाना नीट कागदात गुंडाळून मूळ खोक्यात ठेवत. ‘लागेल कधीतरी.’ उन्हाळा येईतो विमानाचा सांगाडा टेबलावर उभा होता आणि खोक्यात मूळ किट जवळजवळ पूर्ण परत जमलं होतं. नकाशाही त्यातच गेला, कारण नानांनी शेपूट दीड इंचाने लांबवली होती आणि आता नकाशा त्यांना त्रास देई.

या लांबवलेल्या शेपटीनेच पुढचं रामायण घडवलं.

कंट्रोल लाइनच्या विमानाचा तोल हा विषय नुसत्या पुढे-मागेपुरता नाही. शेपूट जड झाली तर विमान चंचल होतं. हात शिवशिवला तरी ते उसळी घेतं, आणि साठ फुटांच्या तारेवर उसळी घेऊन सावरायला वेळ मिळत नाही. नाक जड असेल तर ते शहाण्यासारखं सरळ उडतं, पण वळायला नाही म्हणतं. उजव्या, म्हणजे बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडं शिसं हवं, कारण डाव्या पंखाला तारांचं ओझं असतं. तारा बाहेर पडण्याची जागा गुरुत्वमध्याच्या किंचित मागे हवी, म्हणजे नाक जरासं बाहेर कलतं आणि तारा ताणलेल्या राहतात. तार सैल पडली की माणसाच्या हातात नुसतं हँडल राहतं. नाना ही परिभाषा माणसांनाही लावतात. मंडळाचे अध्यक्ष नोज-हेवी. चिटणीस टेल-हेवी, एक निरोप आला की छताला. माझ्याबद्दल त्यांनी एकदाच मत दिलं. “तू ठीक आहेस, पण तुझ्या तारा सैल असतात.”

तोल बघायला नानांनी एका फळीवर दोन पेन्सिली उभ्या ठोकल्या, खोडरबराची टोकं वर. त्यांवर पंख टेकवायचे आणि विमान कुठे कलतं ते पाहायचं. टाकी रिकामी ठेवून, कारण टाकी पुढे असते आणि इंधन संपत येतं तसं नाक हलकं होतं. शेवटच्या फेरीत काय होणार हेच आधी बघायचं. हे सगळं जेवणाच्या टेबलावर, कारण घरातली तीच एक सपाट जागा आहे अशी नानांची खात्री. ती सपाट आहे हे त्यांनी स्पिरिट लेव्हलने तपासलेलं होतं. तपासताना ती नसल्याचं आढळलं आणि ती केलेली होती.

विमान पेन्सिलींवर ठेवलं आणि ते सावकाश मागे झुकून शेपटीवर बसलं.

इथे जरा गणित आहे. गुरुत्वमध्यापासून शेपूट जितकी लांब, त्याच्या एक तृतीयांशच अंतरावर नाक. म्हणजे शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात तीन ग्रॅम घालावे लागतात. नानांनी शेपूट लांबवली होती, वाकू नये म्हणून जाड केली होती आणि तिला डोप नावाच्या रोगणाचा एक हात जास्त दिला होता. आता दर ग्रॅमाची तिप्पट वसुली सुरू झाली. नानांनी खिशातून नाणी काढली. अमेरिकेतला निकल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, बरोबर पाच ग्रॅमचा असतो आणि पेनी अडीच ग्रॅमची. टांकसाळीने हे मॉडेलवाल्यांच्या सोयीसाठी केलं असावं. नाकावर टेपने एक निकल चिकटवला. विमान शेपटीवरच. दोन. तीन. काकू पोळ्या लाटता लाटता बघत होत्या. नवव्या निकलला विमान पेन्सिलींवर उठून बसलं आणि तसंच राहिलं.

“पंचेचाळीस ग्रॅम,” नाना म्हणाले.

“पंचेचाळीस सेंट,” काकू म्हणाल्या.

इथे कोणीही शहाणा माणूस गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणतो आणि नाणी परत खिशात टाकतो. नाना दुकानात गेलेही. पण तेवढ्या शिशाची पुडी साडेतीन डॉलरला होती आणि ती सवलतीत नव्हती. नाना रिकाम्या हाती परतले. “साडेतीन डॉलरचं शिसं कशाला? पैसेच स्वस्त पडतात.” नऊ निकल इंजिनाच्या मागे एका डबीत स्क्रूने बसवले गेले. हिशोबात बेचाळीसखाली नोंद झाली: ‘शिसे टाळले, ३.०५.’

हलकं लाकूड वापरून नानांनी नव्वद ग्रॅम वाचवले होते. अस्तर, शेपूट, डोप आणि पंचेचाळीस सेंट यांनी मिळून एकशेतीस वाढवले होते. विमान अडीच पौंडांवर गेलं. नाना भेटेल त्याला नव्वद ग्रॅम वाचवल्याचं सांगतात.

दसऱ्याला ओहायोतल्या त्या घरात शस्त्रपूजा झाली. चौरंगावर ड्रिल, सोल्डरिंग आयर्न, काकूंची शिवणाची कात्री, गाडीच्या किल्ल्या आणि मध्यभागी विमान. काकूंनी हळदकुंकवाचं बोट शेपटीच्या पंखाकडे नेलं, तसे नाना ओरडले, “अगं, नाकाला! नाकाला लाव!” मग त्यांनी झेंडूचं फूल काट्यावर ठेवून पाहिलं आणि ते विमानाला न वाहता ड्रिलला वाहिलं.

उड्डाणाला मला धरकरी म्हणून नेलं. विमान मागून धरून ठेवायचं, नानांनी मध्यभागी जाऊन मान डोलावली की सोडायचं, एवढंच काम. तिथले उडवणारे या माणसाला प्रेमाने ‘स्टूज’ म्हणतात. पण आधी ओढ-चाचणी. विमानाच्या वजनाच्या दहापट ताण तारांनी, बेलक्रँकने आणि हँडलने सोसला पाहिजे. अडीच पौंडांच्या विमानाला पंचवीस पौंड, म्हणजे साधारण साडेअकरा किलो. नाना त्यासाठी भारतात जाताना बॅगा तोलायचा काटा वापरतात. मी हँडलला काटा अडकवून ओढत होतो, नाना विमानाला मिठी मारून गवतात बसले होते. त्यांच्या क्लबमधला एक गोरा आजोबा जवळून गेला आणि आम्ही काय करतो आहोत हे त्याने विचारलंही नाही. नियम तोच.

खरी ओढ याहून बरीच कमी असते. ताशी पंचावन्न मैल वेगाने साठ फुटांच्या तारेवर फिरताना विमान स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिप्पट जोराने बाहेर ओढतं आणि पाच सेकंदांत एक फेरी पुरी करतं. मध्यभागी उभ्या माणसाने नजर विमानावरच ठेवायची असते. मागची झाडं बघितली की भोवळ आलीच. नानांनी मनगटात हँडलचा पट्टा अडकवला, मान डोलावली, मी सोडलं. विमान उठलं आणि रुळावरून जावं तसं समतल फिरू लागलं. काहीही वेडंवाकडं झालं नाही. नानांनी मनगट मागे ओढलं, चांगलं ओढलं. विमानाने विचार केला आणि अर्ध्या आकाशाएवढा एक ऐसपैस लूप काढला. खाली येताना ते गवताला इतकं लागून गेलं की माझे डोळे मिटले. टाकी संपली, पंखा थांबला, विमान घरंगळत उतरलं.

“वळत नाही,” नाना आनंदाने म्हणाले. “नाक जड आहे.” आणि त्यांनी डबीचा स्क्रू काढून एक निकल माझ्या हातावर ठेवला.

हीच त्यातली खरी रीत, असं तो गोरा आजोबाही म्हणाला. पहिलं उड्डाण नाक जड ठेवूनच करायचं, मग थोडंथोडं काढत जायचं. दर उड्डाणाला एक नाणं बाहेर येत होतं. लूप लहान होत होते, विमानाच्या अंगात जीव येत होता, नानांच्याही. पाचवं नाणं काढल्यावर मात्र विमान वेड्यासारखं वरखाली करू लागलं. नाना मध्यभागी गुडघे वाकवून हँडल पोटाशी धरून काहीतरी पुटपुटत होते. रामरक्षा असावी किंवा वॉकर. विमान उतरल्यावर नाणं परत डबीत गेलं. आता नाकात पंचवीस सेंट कायम आणि वीस सेंट घरी परत. डायरीत जमेच्या बाजूला, ‘०.२०’.

पुढच्या हिवाळ्यात क्लबचा जुन्या मालाचा बाजार भरला. एका शाळेच्या जिममध्ये लांब टेबलं मांडून लोक एकमेकांना आपापल्या अडगळी विकतात. नानांनी तो खोका नेला. सगळे मूळ भाग, मूळ नकाशा, मूळ बेलक्रँक, झाकणावर मूळ सत्तर टक्क्यांची चिठ्ठी. किंमत लावली पंचवीस डॉलर. नऊ वाजता एक साठीचा गृहस्थ आला. चष्मा कपाळावर, खिशात स्टीलची पट्टी. त्याने खोका उघडला, एक फासळी काढली, उजेडात धरली, टिचकी मारली, कानाशी नेली.

“हे लाकूड भयंकर आहे,” तो म्हणाला.

नानांचा चेहरा पडला. “काय वाईट आहे त्यात?”

“जड आहे. आणि कापलंय की चेंगरलंय? सगळं बदलावं लागेल.”

“पॉलिश पेपरने सरळ होतं,” नाना म्हणाले. “जरा जड असलं तर असू दे. मजबूत असतं.”

“बेलक्रँकही लहान आहे.”

“दोन इंची बेलक्रँकवर लोक वर्षानुवर्षं उडत आले आहेत!”

मी नानांकडे पाहायचं टाळलं. वर्षभर ज्या लाकडाला त्यांनी घरात, गाडीत आणि मंडळाच्या जेवणावळीत शिव्या दिल्या, त्याची वकिली ते आता हातवारे करून करत होते. गृहस्थाने बारा म्हटलं. नानांनी बावीस म्हटलं. गृहस्थाने नकाशा पसरला आणि शेपटीवर बोट ठेवलं. “ही आखूड वाटते. मी दीडेक इंच लांबवीन.”

नाना थांबले. इतका वेळ ज्या आवेशाने बोलत होते तो ओसरला. खुर्ची पुढे ओढून त्यांनी त्या माणसाला बसवलं, खिशातून पेन्सिल काढली आणि खोक्याच्या झाकणावर तिप्पटीचं गणित मांडायला सुरुवात केली. शेपटीला एक तर नाकाला तीन, डोपचे हात मोजून द्या, पहिलं उड्डाण नाक जड ठेवून. तो माणूस मध्येच “पण समजा शेपटीचं लाकूड पोकळ केलं तर?” म्हणाला आणि नाना “हां!” म्हणून त्याच्याकडे असं पाहू लागले की मी त्यांच्यासाठी कॉफी आणायला गेलो. दोन पेले घेऊन परत आलो तरी शेपूट संपली नव्हती. शेवटी खोका सतरा डॉलरला गेला. शिवाय नानांनी त्याला खिशातले चार निकल दिले. “शिसं घेऊ नका, महाग पडतं.”

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “नाना, अठराला घेतलं, सतराला दिलं. वर वीस सेंट गेले.”

नानांनी डायरी काढली आणि मांडीवर ठेवून लिहिलं. बेचाळीस. वजा एक. वजा वीस सेंट. खाली दोन रेघा मारल्या.

“चाळीस ऐंशी,” ते म्हणाले. “अजून पुष्कळ फायद्यात आहोत. चल, तो कॉफीचा दुसरा पेला मला दे, तो सवलतीत मिळाला असेल.”